उभे राहण्याआधी पहिले मत कोणाचे, हे ठरवा

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील ओळख पटवणारा तपशील गाळून ते येथे देत आहे.

"सप्रेम नमस्कार. मी उत्तर गोव्यातील एका छोट्या पालिका शहरात राहते. माझे वय ४२ असून माहेर पेडणे तालुक्यातील आहे. बाजारसंकुलात पालिकेच्या मालकीच्या गाळ्यात आमचे झेरॉक्स व स्टेशनरीचे दुकान आहे आणि ते मीच सांभाळते. लोक दाखल्यांच्या प्रती काढायला येतात, तेव्हा अर्ज भरून देण्याचे कामही ओघानेच माझ्याकडे येते. आमच्या वाड्यातील गटार दर पावसाळ्यात तुंबते आणि पाणी घरांत शिरते. त्यासाठी मी शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन अर्ज केले, पण काही झाले नाही. आता आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव होईल, अशी चर्चा आहे. शेजारचे लोक मला उभी राहा म्हणतात. त्यातच सध्याच्या नगरसेवकांचे एक निकटवर्तीय घरी येऊन सांगून गेले की पॅनलमधून उमेदवारी देतो, खर्च आम्ही बघतो, तुम्ही फक्त उभ्या राहा. माझे यजमान पेव्हर बसवण्याची व गटारावरची झाकणे घालण्याची लहान कामे घेतात. त्यांपैकी काही कामे पालिकेच्या ठेकेदारांकडून मिळतात. सासूबाईंना हे सारे पसंत नाही. माझे इंग्रजी बेताचे आहे. मी उभी राहावे का? राहिले तर पॅनलमधून की स्वतंत्र?"

आपण उभ्या राहाव्यात असे माझे मत आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि ती आपल्या यजमानांच्या व्यवसायाशी निगडित आहे. पत्रात हा मुद्दा आपण जाता जाता एका वाक्यात उरकला असला, तरी विरोधी उमेदवाराचा वकील सर्वप्रथम तोच उघडून वाचील.

गोव्यातील पालिकांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्यानुसार चालतो. पालिकेच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारी व्यक्ती नगरसेवकपदासाठी अपात्र ठरते, हे या कायद्यातील एक मूलभूत तत्त्व आहे. कंत्राट आपल्या नावावर नाही, यजमान हे मुख्य ठेकेदार नसून पोटकंत्राटदार आहेत, असा बचाव कदाचित टिकेलही; पण छाननीच्या दिवशी निर्वाचन अधिकाऱ्यासमोर हरकत आली, तर वाद घालण्यासाठी आपल्या हाती तासाभराचाही वेळ नसेल. अर्ज मंजूर झाला आणि आपण निवडूनही आलात, तरी हाच मुद्दा निवडणूक याचिकेच्या रूपाने पुन्हा समोर येऊ शकतो. म्हणून अधिसूचना निघण्याच्या बऱ्याच आधी, शक्य तर आताच, एखाद्या वकिलाला यजमानांची बिले व कामांचे आदेश दाखवून लेखी मत घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण पदावर असेपर्यंत पालिकेच्या कोणत्याही ठेकेदाराकडून काम घेणार नाही, असे यजमानांनी मनाशी ठरवणे. कायद्याने मुभा दिली, तरी ती घेऊ नये असे मी म्हणतो, कारण ज्या ठेकेदाराच्या कामाचा दर्जा सभागृहात तपासायचा, त्याच्याकडूनच घरात महिन्याची मजुरी येत असेल, तर गटाराच्या झाकणाविषयीसुद्धा आपल्याला मोकळेपणाने बोलता येणार नाही. पाच वर्षे ही मिळकत सोडणे घराला परवडणार नसेल, तर या खेपेस उभे न राहणेच बरे. तसे करण्यात कमीपणा काहीच नाही.

दुसरा विषय थकबाकीचा. घरपट्टी, व्यापार परवान्याचे शुल्क, कचरा शुल्क आणि आपल्या बाबतीत विशेष म्हणजे गाळ्याचे भाडे, या सर्वांची आजवरची देणी चुकती करून पालिकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. बाजारातील गाळ्यांचे करार वर्षानुवर्षे नूतनीकरणाविना पडून राहतात आणि भाडे किती धरायचे यावर वाद होतो, हे आपल्याला दुकानात बसून माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. आपला करार त्या अवस्थेत असेल, तर आपल्या बाजूने केलेला पत्रव्यवहार तारीखवार लावून ठेवा.

त्याचबरोबर मतदार यादी पाहा. आपल्याकडे शहरात राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची नावे अजून मूळ गावच्या यादीत असतात. चतुर्थीला जिथे जायचे तिथेच मत, असा तो हिशेब असतो. आपले नाव या पालिका क्षेत्राच्या यादीत नसेल, तर पुढचे सारे व्यर्थ आहे. वाड्यातील ज्या शेजाऱ्यांनी आपल्याला आग्रह केला, त्यांची नावेही याच वेळी तपासून घ्या. सह्या करणारे चाळीस आणि यादीत असलेले पंधरा, असेही निघू शकते.

आरक्षणाच्या चर्चेवर मात्र आज काही बांधू नका. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने पालिकांतील किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले आहे आणि या जागा आळीपाळीने प्रभागांतून फिरतात. परंतु कोणता प्रभाग राखीव हे अधिसूचना निघेपर्यंत कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि निघाल्यावरही ते कायम राहील असे नाही. २०२१ साली म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचे आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, कारण महिलांसाठीच्या जागा घटनेने सांगितलेल्या प्रमाणापेक्षा कमी होत्या. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, आणि सरकारी सेवेतील अधिकाऱ्याकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा कार्यभार देता येणार नाही असेही त्याच निकालात बजावले. आरक्षण नव्याने ठरवावे लागले आणि त्या पाच ठिकाणचे मतदान २३ एप्रिल रोजी झाले. ज्यांनी जुन्या आरक्षणावर विसंबून फलक छापले होते, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करा. आपला प्रभाग खुला राहिला, तरी उभ्या राहणार का, या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी देऊन ठेवा. खुल्या जागेवर महिलेने लढू नये असा कोणताही नियम नाही, तशी केवळ सवय पडून गेली आहे.

आता पॅनलचा प्रश्न. आपण तो शेवटी विचारला आहे, पण माझ्या दृष्टीने बाकी सगळे त्याभोवती फिरते.

आपल्याकडे नगराध्यक्षाची निवड नगरसेवक आपल्यातून करतात. निकाल लागल्यावर नव्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ही निवड होते. म्हणजे गटार, कचरा, बाजार यांपैकी कशावरही आपले तोंड उघडण्याआधी आपल्याला एक मत द्यावे लागते आणि त्या मतावर पुढची दोन-तीन वर्षे आपले सभागृहातील स्थान ठरून जाते. घरी येऊन गेलेल्या गृहस्थांना आपल्याकडून नेमके हेच मत हवे आहे. आपले शेजाऱ्यांतील नाव, दुकानामुळे झालेली ओळख आणि सह्यांचे अर्ज यांची त्यांना लागणारी किंमत तेवढीच आहे. त्यात त्यांचा दुष्ट हेतू असेलच असे मी म्हणत नाही. लहान मंडळात बहुमत जमवायचे तर असेच जमवावे लागते. २०२३ च्या निवडणुकीत साखळीत १२ आणि फोंड्यात १५ प्रभाग होते. बारांच्या सभागृहात सात जणांचे बहुमत होते, आणि सातवा कोण यावर सारा खेळ असतो.

आमदार-खासदारांना लागू असलेला पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, पालिकांना लागू होत नाही. त्यामुळे पॅनल ही कायद्याच्या दृष्टीने मित्रमंडळींची यादी असते, आणि निवडून आल्यावर ती एकत्र राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. गोव्यात नगराध्यक्षांवर अविश्वास ठराव येणे ही गोष्ट आता बातमी म्हणूनही फारशी वाचली जात नाही. २०२२ मध्ये मडगावच्या नगराध्यक्षपदासाठी गुप्त मतदान झाले, मते फुटली आणि अपेक्षेच्या विरुद्ध निकाल लागला. त्यानंतर राज्य सरकारने ही निवड हात वर करून करण्याची तरतूद आणली. आपल्यासाठी याचा अर्थ असा की, आपले पहिले मत सर्वांसमोर, आपल्याला उमेदवारी देणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत द्यावे लागणार आहे. मनात एक आणि कागदावर दुसरे, ही वाट आता बंद झाली आहे.

म्हणून त्या गृहस्थांना नकार किंवा होकार कळवण्याआधी पुन्हा घरी बोलवा, यजमानांना सोबत बसवा आणि उघड विचारा की पॅनलचा नगराध्यक्षपदाचा उमेदवार कोण आहे. "ते नंतर बघू" असे उत्तर आले, तर ते ठरलेले आहे आणि आपल्याला सांगायचे नाही, असे समजून चाला. नाव सांगितले, तर त्या माणसाला आपण भर सभेत हात वर करून मत देऊ शकाल का, याचा विचार करा. त्याने यापूर्वी पद भूषवले असेल, तर त्याच्या काळातील बैठकांची इतिवृत्ते माहितीच्या अधिकाराखाली मागवता येतात. २००५ च्या त्या कायद्यानुसार उत्तर देण्याची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे, तेव्हा अर्ज आजच करा. नंतर हेही विचारा की, अर्थसंकल्पावर किंवा एखाद्या बांधकाम परवान्यावर माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे पडले तर काय? या प्रश्नावर समोरचा माणूस हसला, तर त्याला वापरून घ्यायला एक नाव हवे आहे, सहकारी नको आहे.

"खर्च आम्ही बघतो" या वाक्याविषयी मला थोडे कडक बोलावेसे वाटते. नगरसेविकेच्या निवडणुकीला पैसा लागतो हे खरे, परंतु अनेक लहान पालिकांत एका प्रभागात हजारभर मतदारही नसतात. तेवढी घरे पायी फिरून होतात. पत्रके आपल्याच दुकानातल्या यंत्रावर निघतील (त्या कागदाची व शाईची किंमत मात्र खर्चात धरा). मग जो मोठा खर्च ते बघणार आहेत, तो कशावर होणार? त्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे आणि मलाही. मतदारांना दिल्या जाणाऱ्या वस्तू, जेवणे आणि पाकिटे हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. तो आपल्या नावाने झाला, तर जबाबदार आपण ठरणार, कारण उमेदवार आपण आहात. शिवाय महिला राखीव प्रभागात मावळते नगरसेवक ज्या बाईला उभे करतात, तिच्या जागी पुढे पाच वर्षे कोण बोलते, हे बाजारात बसणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

इतके लिहूनही, पॅनल नकोच असे माझे म्हणणे नाही. स्वतंत्र उमेदवाराची वाट सोपी नाही, आणि तिच्याविषयी उगाच शूरपणाच्या गोष्टी सांगून कोणी आपल्याला चढवू नये. ठराव मांडायला अनुमोदक लागतो. विशेष सभेची मागणी करायला ठरावीक सदस्यांच्या सह्या लागतात. प्रभागाला मिळणारी कामे सत्तारूढ गटाच्या मर्जीने पुढे-मागे होतात. एकट्या नगरसेविकेचे गटार यादीत कायम शेवटी राहू शकते. उलट बाजूने, सहा विरुद्ध पाच अशी विभागणी झाली, तर त्याच एकट्या सदस्याच्या दारात दोन्ही गट येतात, आणि तेव्हा जो मोह समोर ठेवला जातो तो पॅनलच्या अटींपेक्षाही कठीण असतो. माझा सल्ला असा की, नगराध्यक्षपदाचा उमेदवार आपल्याला मान्य असेल, निवडणुकीचा खर्च आपण स्वतः आपल्या खात्यातून करणार असाल आणि प्रभागापुरती पत्रके आपल्या मजकुराची असतील, तर पॅनल स्वीकारा. यांपैकी एक गोष्ट जरी नाकारली गेली, तरी स्वतंत्र लढा. मात्र तसे असेल तर शेजारच्या दोन-तीन प्रभागांतून आपल्यासारखे कोण उभे राहत आहे याची चौकशी करून त्यांच्याशी बोलणे सुरू करा, म्हणजे निवडून आल्यावर अनुमोदकाचा शोध नव्याने घ्यावा लागणार नाही.

मतदारांना काय सांगावे, याविषयी. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत आणि त्यांत नगरनियोजन आहे, पाणीपुरवठाही आहे. ती यादी वाचून पुष्कळ उमेदवार जाहीरनामा लिहितात. गोव्यात मात्र पिण्याचे पाणी आणि वीज राज्य सरकारची खाती देतात, मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात आणि जमिनीचा वापर काय असावा हे नगर व ग्राम नियोजन खाते १९७४ च्या कायद्याखाली ठरवते. त्या खात्याच्या तांत्रिक मंजुरीनंतर बांधकाम परवाना आणि शेवटी वापर दाखला, म्हणजे पूर्ण झालेली इमारत वापरण्याची परवानगी, पालिका देते. तेव्हा "डोंगर कापू देणार नाही" असे आश्वासन नगरसेविकेने देणे हे न झेपणारे ओझे आहे. "परवान्याविना उभ्या राहणाऱ्या बांधकामावर नोटीस निघाली की नाही, हे मी दर बैठकीत विचारीन" असे मात्र तिला खुशाल म्हणता येते. कचऱ्याचेही तसेच. मडगावचा सोनसोडो कचरा डेपो किती नगराध्यक्षांनी संपवतो म्हणून सांगितले, ते गोवेकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आपल्या वाड्यात गाडी रोज येते का आणि ओला-सुका कचरा गाडीत वेगळा राहतो का, इतके पाहण्याचे वचन पुरेसे आहे. बाजारातील सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून घेतला जाणारा बसण्याचा कर, कोण गोळा करतो, पावती मिळते का आणि चतुर्थीच्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या, बाजारात दर बदलतो का, हा तर आपला रोजचा परिसर आहे. या विषयावर सभागृहात आपल्याइतके नेमके बोलणारे फार थोडे असतील.

आणि ते गटार. ते कोणाच्या मालकीचे आहे, हे आपल्या पत्रात नाही. अर्ज कोणाकडे केले हेही नाही. मुख्य रस्त्याच्या कडेचे असेल, तर ते पालिकेचे नसून बांधकाम खात्याचे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग पालिकेकडे केलेला अर्ज तिथेच पडून राहणे स्वाभाविक आहे. कनिष्ठ अभियंत्याला भेटून हे आधी विचारून घ्या. पाणी पुढे कुठे जाते, तेही चालत जाऊन पाहा. पुष्कळदा अडथळा आपल्या वाड्यात नसून खालच्या बाजूला कोणीतरी भर घालून बुजवलेल्या ओहोळात असतो. निवडणुकीच्या आधी याचा छडा लावलात, तर निवडून येण्यापूर्वीच आपण काही काम केलेले असेल.

आपले माहेर पेडण्याचे, म्हणजे ग्रामसभा आपण पाहिलेली आहे. पंचायतीत वर्षातून ठरावीक वेळा सरपंचाला लोकांसमोर बसून उत्तरे द्यावी लागतात. पालिकेच्या नागरिकाला अशी सभाच नाही. पाच वर्षांतून एकदा मत आणि मधल्या काळात अर्ज, एवढाच त्याचा संबंध. प्रभागातील लोकांना तीन महिन्यांतून एकदा एकत्र बोलवून बैठकीत काय ठरले ते सांगेन, आणि त्यांचे म्हणणे लिहून मुख्याधिकाऱ्यांना देईन, हे वचन आपल्याला कोणाचीही परवानगी न घेता पाळता येते. माझ्या मते आपल्या पत्रकात पहिली ओळ हीच असावी.

इंग्रजीची धास्ती सोडा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा असली, तरी शासकीय कामकाजासाठी मराठीचा वापर करण्याची त्यात तरतूद आहे. आपण सभागृहात मराठीत किंवा कोकणीत बोललात, तर कोणी अडवणार नाही. विषयपत्रिका, अंदाजपत्रके व निविदा बहुतेक इंग्रजीत येतात हे खरे. पण त्यांत तेच तेच पन्नासेक शब्द येत राहतात आणि यजमान त्या कामात असल्यामुळे मोजमापाचे कागद कसे वाचावेत हे घरातच शिकता येईल. ज्या ठरावाचा अर्थ कळला नाही, त्यावर तो मराठीत समजावून सांगितल्याशिवाय हात वर करू नका, आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा.

सासूबाईंचे म्हणणे काय आहे, ते आपण लिहिलेले नाही. घराचे आणि दुकानाचे कसे होणार ही त्यांची काळजी असेल, तर ती रास्त आहे. बैठका बहुधा कामाच्या दिवशी असतात, तेव्हा गाळ्यावर कोण बसेल हे आधी ठरवा. लोक काय म्हणतील ही काळजी असेल, तर प्रचाराला निघाल्यावर पहिल्या दोन-चार घरी त्यांनाच सोबत न्या. वाड्यातील जुनी माणसे त्यांच्या ओळखीची असतील, आणि दारात आलेल्या सासू-सुनेला बसायला पाट मिळतो.

शेवटी एक कोरडी पण चुकवू नये अशी गोष्ट. अर्जासोबत मालमत्ता, कर्जे व खटले असल्यास त्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. गाळ्याचा करार व यजमानांच्या नावावरील वाहन त्यात विसरू नका. खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडा आणि चहाच्या बिलापासून सारे एका वहीत त्याच दिवशी लिहा. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मर्यादेत खर्च राहिला पाहिजे, आणि जिंकलात किंवा हरलात तरी त्याचा हिशेब मुदतीत सादर झाला पाहिजे. हरलेले उमेदवार निराशेच्या भरात हे राहू देतात आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात. यजमानांच्या कामांविषयी वकिलांनी काय सांगितले, ते अवश्य कळवा. त्यावरच पुढचे सारे अवलंबून आहे.